दोन पेले पाणी

चाकणच्या तळेगाव रस्त्यावर ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री दिवसातून अनेकदा हातातलं काम टाकून घरी जायचे. इंजिन उघडं पडलेलं असो की ड्रायव्हर डोक्यावर उभा असो, वेळ झाली की ते कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे आणि गॅरेजमागच्या खोलीकडे चालू लागायचे. नवे ड्रायव्हर वैतागायचे, जुने चहा मागवून बसायचे. मिस्त्री बायकोला लघवीला न्यायला जातात हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं, कारण त्यांनी ते कधी कुणापासून लपवलंच नाही.

नवऱ्याच्या कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही लातूरकडून इथे आलो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलो. त्याच्या थोडं आधीच मिस्त्रींच्या बायकोला, भाभींना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू गेली होती, बोलणं मात्र शाबूत होतं. लघवी लागल्याचं त्यांना कळायचं, पण उठून मोरीपर्यंत पोचेस्तोवर साडी भिजलेली असायची. इस्पितळात घातलेली लघवीची नळी संसर्ग झाल्यामुळे काढावी लागली होती. तिथल्या सिस्टरने मिस्त्रींना सांगितलं, लागायची वाट बघू नका, ठरावीक वेळाने नेत जा, हळूहळू सवय होईल. मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. लोखंडी खुर्चीची बैठक कापून खाली भांडं बसवलं, धरायला दोन्हीकडे नळ्या जोडल्या आणि ती पलंगालगत ठेवली. गादीवर रेक्झिन आणि त्यावर मऊ सुती चादर.

एवढं करूनही भाभींची लाज जाईना. त्यांनी पाणीच तोडलं. घोट-घोट पिऊन दिवस काढायच्या. मग जळजळ सुरू झाली, ताप चढला, तापात त्या माहेरच्या माणसांना हाका मारू लागल्या. पाणी कमी पिण्यानेच हे झालं, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून घरी आल्यावर मिस्त्रींनी पलंगाशेजारी दोन पेले भरून ठेवले.

“तू पिशील तेवढंच मी पिणार,” ते म्हणाले. “बघू आधी कोण थकतंय.”

भाभींना वाटलं, हे बोलणं घरापुरतं. पण भर उन्हात गॅरेजमध्ये कुणी पाणी पुढे केलं तरी मिस्त्री नको म्हणत. मी ते पाहिलं आणि भाभींना जाऊन सांगितलं. त्यांनी उजव्या हाताने पेला उचलला आणि रिकामा करून ठेवला.

मिस्त्रींना थट्टेची खोड होती. एकदा चादर बदलताना म्हणाले, “गळती लागली म्हणून गाडी कुणी भंगारात घालतं व्हय?” भाभी संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी गाडी आहे का, असं त्या मला विचारत राहिल्या आणि रडल्या. मिस्त्री उंबऱ्यावर बसून मिनतवाऱ्या करत होते. ती थट्टा त्यांच्या तोंडून पुन्हा कधी आली नाही. वेळ झाली की नुसतं म्हणायचे, “चल, जरा फिरून येऊ,” आणि खुर्ची पुढे ओढायचे.

सोलापूरला दिलेली मुलगी बापाची ओढाताण बघून हळहळायची. तिच्या आग्रहाखातर ते तळेगाव दाभाड्याला एक वृद्धाश्रम बघून आले. तिथे सांभाळणाऱ्या पोरी मोजक्याच, म्हणून सकाळीच सगळ्यांना डायपर बांधून ठेवत, चालता येणाऱ्यांनाही. मिस्त्रींनी त्या पोरींना बोल लावला नाही. एवढ्या जणांचं त्या तरी कसं करणार, म्हणाले. पण मुलीला फोनवर सांगितलेलं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं : “तुझ्या आईला सांगता येतंय, बेटी. ऐकणारं कुणीतरी जवळ पायजे. मी हाय ना.”

भाभींच्या भाचीचं लग्न राजगुरुनगरला होतं. झटका आल्यापासून भाभी दाराबाहेर पडल्या नव्हत्या, आणि याही वेळी नाहीच म्हणत होत्या. मिस्त्री आदल्या दिवशी जाऊन कार्यालयातला संडास बघून आले. पायरी केवढी, कडी कुठे, खुर्ची आत मावेल का. मग मलाही बरोबर घेतलं. ओळखीच्या ड्रायव्हरच्या जीपमधून निघालो आणि चाकणच्या चौकातच गाड्यांच्या रांगेत अडकलो. पॅड लावलेलं होतं, तरी साडी भिजली. भाभी ओठ दाबून रडू लागल्या, परत फिरवा म्हणाल्या. रांग सुटल्यावर मिस्त्रींनी जीप पेट्रोल पंपावर घ्यायला लावली. मी आत नेऊन त्यांना पुसलं, कोरडं केलं, दुसरी साडी नेसवली, हिरवी. बाहेर आल्यावर मिस्त्रींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

“ही जास्त शोभतीय,” ते म्हणाले.

भाभी लग्नाला गेल्या. बहिणींच्या घोळक्यात बसून त्यांनी सरबताचा पेला मागून घेतला. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि भाभी गेल्या. गॅरेज काही महिने चालू राहिलं, पण मिस्त्रींचं कामात मन लागेना. शेवटी मुलगी न्यायला आली. निघण्याच्या सकाळी ते आमच्या दारात आले. मी चहा दिला.

“लोक म्हणतात, मिस्त्री, सुटलात एकदाचे,” ते म्हणाले. “मला सुटायचंच नव्हतं गं.”

आज माझ्या सासूबाई अंथरुणाला आहेत आणि त्यांचं सगळं मी करते. वाटतं, एकदा मिस्त्री येऊन बसावेत आणि मी त्यांना सांगावं, मला आता कळतं.

त्या दिवशी टेम्पो सुरू झाला तेव्हा मी हात हलवला. ते पुढे बसले होते आणि खिडकीतून वळून पाहत होते. त्यांची नजर माझ्यावरून सरकली आणि शेजारच्या दाराला लावलेल्या कुलपावर थांबली.