अमेरिका सोडून बाकीचं जग

वर्ध्यात स्टेशनच्या रस्त्यावर, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर माझं इन्शुरन्सचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं. एकावर मी, दुसऱ्यावर माधुरीताई आणि त्यांचा कॉम्प्युटर. इतकी वर्षं गाड्यांचे, दुकानांचे विमे काढले, पण मित्रांना सांगावं असं काही घडलं नाही. मग घरोघरची पोरं परदेशी गेली, त्यांच्या मागून आईबाप निघाले, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स सुरू झाला. तेव्हापासून किस्से स्वतःच जिना चढून वर येतात! पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस माझ्यासमोर जे बोलतो, ते घरीसुद्धा बोलत नाही.

*

सेलूचे वासुदेवराव जावयाकडे दुबईला निघाले होते. मी त्यांना दोन प्लॅन समजावले. एक अमेरिकेसकट सगळ्या जगाचा. दुसरा स्वस्त, त्यात अमेरिका आणि कॅनडा सोडून बाकीचं जग.

ते विचारात पडले. "मले निस्तं दुबईले जा लागते. हे बाकीचं जग वापस घ्या, अन् तेवढे पैसे कमी करा!"

म्हटलं, काका, तसं सुटं मिळत नाही.

"मंग असं करा. दुबई माह्याकडे ठेवा, बाकीच्या जगात माह्या साडूले पाठवा. तो रिकामाच हाये!"

*

एक मावशी लेकीकडे लंडनला चालल्या होत्या. बॅग हरवली तर कंपनी भरपाई देते, हे मी मोठ्या उत्साहात सांगितलं.

"बॅगीत काय हाये, मालूम हाये तुमाले?"

"काय?"

"जवसाची चटणी, सरगुंडे, अन् गोरसपाकाची बिस्किटं. सरगुंडे माह्या हातानं काडीवर कणीक वळून केलेले हायेत. बॅग हरवली तर कंपनीवाले करून देतीन का?"

माधुरीताईंनी टायपिंग थांबवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "मावशी, सरगुंडे हातातल्या पिशवीत घ्या."

हा आमच्या ऑफिसचा आजवरचा सगळ्यात उपयोगी सल्ला!

*

ढोले सर गणिताचे रिटायर शिक्षक. अतिशय प्रामाणिक माणूस. "आधीपासून काही आजार?" एवढंच मी विचारलं, तर त्यांनी लहानपणच्या गोवरापासून सुरुवात केली. मग चिंचेवरून पडले ते. मग कावीळ. मग कॉलेजातला मलेरिया. मी मध्ये बोललो तर हात वर करून म्हणाले, "क्रमानं जाऊ द्या!"

बाजूला सरांच्या मिसेस, काकू, बसल्या होत्या. सरांचं संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाऊ, यायचा राग त्याच्यात बसते का?"

"कशात?"

"आधीपासूनच्या आजारात. मी आली तवा होताच तो!"

*

हिंगणघाटचे एक कापसाचे व्यापारी आले. बायको सोबत. मुलगा मस्कतला. मी तोच प्रश्न विचारला. शेठ म्हणाले, "आजार? मले? एकदम फिट!"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "शर्टाची वरची बटनं खोला."

"इथं?"

"इथंच!"

दोन बटणं उघडली आणि छातीवरचा बायपासचा व्रण दिसला.

"ते तं दुरुस्त झालं ना!" शेठ चिडले. "दुरुस्त झालेल्या गाडीले कोणी खराब म्हणते का?"

मी आजार नोंदवला आणि जुना आजार धरणारा महाग प्लॅन दिला. जाताना त्यांनी माझ्याशी हातही मिळवला नाही.

पंधरवड्यानंतर मस्कतहून फोन आला. छातीत कळ आली होती, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. आता बरं होतं. कंपनीने बिल परस्पर भरलं होतं. माझ्याच जिवात जीव आला.

शेठचा आवाज मऊ झाला होता. "भाऊ, तुमाले एक सांगू? बायको सोबत होती म्हणून वाचलो."

"मस्कतला?"

"नाई हो. तुमच्या ऑफिसात!"

*

मेश्रामताई नर्स म्हणून रिटायर झाल्या. विहारातल्या मैत्रिणींसोबत थायलंडला बुद्धमूर्ती पाहायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "ते साहसी खेळाचं कव्हर असते ना, ते टाका."

सोबत आलेली सून दचकली. "आई, तुम्ही दर्शनाला चाललात ना?"

"असू दे वो. अडीअडचणीले."

आठवड्यानंतर माझ्या मोबाइलवर फोटो आला. खाली निळा समुद्र, वर पॅराशूट, आणि पॅराशूटला पांढऱ्या साडीत मेश्रामताई! खाली लिहिलं होतं, "पैसे भरले होते, वाया काऊन घालू?"

*

देवळीच्या सुलोचनाकाकूंच्या मुलाने ऑस्ट्रेलियात लग्न केलं. मुलगी केरळची. सून-सासूची भेट फक्त व्हिडिओ कॉलवर, तीसुद्धा हात हलवण्यापुरती. आता सुनेला दिवस गेले होते आणि मुलाने आईला बोलावलं होतं.

काकूंनी माधुरीताईंकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि हळूच विचारलं, "भाऊ, भांडण होऊन सुनेनं वापस पाठोलं, तर क्लेम मिळते का?"

"नाही हो काकू. आणि तिला मराठी येत नाही, तुम्हाला इंग्रजी. भांडण होणार कसं?"

"तेच तं! मनातल्या मनात होईन. ते लय वाईट." त्यांचे डोळे भरून आले. "एक महिन्याचाच विमा काढा. तिले जड व्हायच्या आत वापस येतो."

काढून दिला.

महिना संपत आला, तेव्हा परदेशी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, घाईघाईत.

"भाऊ, सुलोचनाबाईची पॉलिसी वाढवून द्या ना. तीन महिने."

"वाढते. पण काकूंना तर लवकर परत यायचं होतं?"

"काऊन? मी जाऊ देऊन नाई राह्यली!"

मला वाटलं, गावाकडची कोणी नातेवाईक तिथे भेटली असेल. विचारलं, "तुम्ही कोण? देवळीच्याच का?"

"नाई वो भाऊ," ती म्हणाली, "मी कोचीची!"