शांततेचीही परीक्षा घेणारे निमजे सर

निमजे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते झोपले आहेत, असे माझे ठाम मत झाले. मोहाडीपलीकडच्या धावपट्टीवर वैमानिक घडवणारे एक लहानसे केंद्र आहे. तिथल्या दुरुस्ती विभागात मी नोकरीला लागून चारच दिवस झाले होते. एका चार आसनी विमानाचे इंजिन सुरू होते आणि आत पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून बसले होते. मी अड्याळची. आमच्याकडे अशी मुद्रा दुपारच्या कीर्तनात पुष्कळ दिसते. इंजिन थांबल्यावर गृहस्थ सावकाश खाली उतरले आणि म्हणाले, "डाव्या मॅग्नेटोची दुसरी तार. वीण सुटून राहिली तिची." तार सोडवून पाहिली. सुटलेली होती.

वामनराव निमजे सर आज पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत. त्यांचे काम काय, हे अनेकांना ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगते. लहान विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडणारी दोन यंत्रे असतात, तीच मॅग्नेटो. त्या ठिणगीचा अंश तारांतून वाट काढत रेडिओत शिरतो आणि वैमानिकाच्या कानात टिकटिक सुरू होते. बॅटरी भरणारा अल्टरनेटर याहून निराळा. तो शीळ घालतो आणि इंजिनाचा वेग वाढला की शीळही चढते. ही टिकटिक आणि ही शीळ माणसाच्या कानापासून दूर ठेवण्यात सरांनी उभी हयात घालवली.

त्याने काय साधते, असे कोणी विचारले की मला आमच्याकडची एक शिकाऊ मुलगी आठवते. जमिनीवरून आलेली सूचना ती पुन्हा पुन्हा विचारी. शिक्षकांनी तिला मठ्ठ ठरवले, तिने सामान बांधायला घेतले. सर तिच्या मागच्या आसनावर बसून एक फेरी मारून आले. उतरल्यावर शिक्षकांना म्हणाले, "पोरगी हुशार हाये जी. इमानच बडबड करून राहिलं, तिले ऐकू काय येईल?" अल्टरनेटरची जमिनीला जोडणारी पट्टी गंजली होती. ती बदलली. मुलगी आज प्रवासी विमाने चालवते.

सर मोहाडीच्या विणकर घराण्यातले. ठिणगीच्या तारेवर बारीक धातूच्या धाग्यांचे विणलेले वेष्टण असते. लुगड्याचा काठ पारखावा तसे सर त्यावरून अंगठा फिरवीत. भंडाऱ्यातल्या एका भांडेवाल्याने एकदा त्यांना तारांच्या टोकांवर बसवायला पितळेची सुरेख टोपणे घडवून आणून दिली. सरांनी त्याला चहा पाजला, टोपणे खिडकीत मांडून ठेवली, पण विमानाला लावली नाहीत. प्रमाणपत्राशिवाय विमानात टाचणीही जाणार नाही, हा त्यांचा नेम. भांडेवाला दोन महिने रुसला होता.

त्यांच्या घरामागच्या कार्यशाळेतल्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या वाटतात. वैनगंगेकडून वारा येई, कौलांतून उन्हाचे कवडसे टेबलावर सरकत आणि कोपऱ्यात रेडिओ लावलेला असे, कोणीच बोलत नसलेल्या जागी. त्यातून नुसती मंद खसखस येई. सर म्हणत, "हे रिकामं आभाळ होय. आयकून ठेव." मी तासन् तास ऐकत बसे. ऐकता ऐकता डोळा लागे आणि झोपेतही ते आभाळ सुरू राही. हे काय शिक्षण आहे, असे तेव्हा मनात येई. ते किती महत्त्वाचे होते, हे पुढच्या वर्षी कळले, आणि ते माझ्या चुकीमुळे कळले.

मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाही, स्वतःची ठिणगी स्वतः करतो. चावी बंद केली की एक तार त्याला गप्प करते. ती तार तुटलेली असेल, तर चावी बंद असूनही मॅग्नेटो जागाच राहतो, आणि कोणी विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवला तर इंजिन उसळून पाते जिवावर बेतू शकते. त्या दिवशी मी एकटीने ती तार नव्या वेष्टणासह बसवली होती. टिकटिक पार गेली. मला आकाश ठेंगणे झाले. सरांना ऐकायला बसवले. इंजिन नेहमीप्रमाणे इंधन तोडून थांबवले, चावी काढली, सगळे उतरले. सर मात्र आतच, कपाळाला आठी घालून. "एवढं शांत कायले झालं?" ते पुटपुटले. "थोडी कुजबुज तं राहातेच."

तेवढ्यात शेवंताबाई आल्या. केंद्रातली झाडलोट त्यांच्याकडे. संध्याकाळी ओल्या फडक्याने पंखा पुसायचा, एक पाते झाले की फिरवून दुसरे घ्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी पात्याला हात घातला आणि कधी आवाज न चढवणारे सर ओरडले, "शेवंताबाई, हात काढा! मागं व्हा!"

बाई दचकून मागे झाल्या, फडके तिथेच टाकून निघून गेल्या. सरांनी इंजिन पुन्हा सुरू करवून मंद चालीवर आणले, क्षणभर चावी बंद करवली. इंजिन चालूच राहिले. वेष्टण सोलताना मी आतली तारच कापली होती. आवाज यायची वाटच तुटली होती. मला वाटले, मी आवाज जिंकला.

"आवाज गेला म्हनून काम संपत नाही, पोरी," सर एवढेच म्हणाले. "कुठं गेला ते पाहाचं." चूक त्यांनी माझ्याच अक्षरात नोंदवहीत लिहून घेतली. वरिष्ठ मला काढायला निघाले, तेव्हा सर त्यांना म्हणाले, "हिनं लिहिलं म्हनून काढता? मंग पुढचा लिहील कायले?" माझी नोकरी राहिली. मला मात्र सरांनी एक काम दिले: "शेवंताबाईले तू सांगजो. ते तुह्यानंच झालं पाहिजे."

मी सांगितले नाही. आज, उद्या करत बारा वर्षे गेली. शेवंताबाई त्या दिवसापासून सरांशी तुटक वागत. सगळ्यांसमोर आपला पाणउतारा झाला, असे त्यांच्या मनाने घेतले होते. सर त्यांना रोज नमस्कार करीत आणि कोरडे "हो" घेऊन पुढे जात. एका वाक्यात सर हा गैरसमज मिटवू शकत होते. ते वाक्य त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवले, आणि मला कधी आठवणही करून दिली नाही. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या चांगुलपणावर लिहायला बसले आणि माझीच मला लाज वाटली. लेखणी ठेवून मी शेवंताबाईंच्या गावी गेले.

त्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी सगळे सांगितले, काही न लपवता. सूप थांबले. मग म्हणाल्या, "बारा वर्स मी त्या मानसाचा नमस्कार धड घेतला नाही. तू काहून नाही सांगतलं?" मी रडले. त्यांनी मला उगी केले नाही, पण हाकललेही नाही.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असे माझ्या शब्दांत लिहायचे योजले होते. निघताना शेवंताबाईंनी जो निरोप दिला, त्यापुढे माझे शब्द थिटे आहेत. म्हणून, सर, या वेळी मी तो निरोप पोचवते, जसाच्या तसा:

"सांगजो त्यायले, हे बारा वर्स म्या त्यायचेच जगली. आता माहे जे उरले असतील, ते त्यायले लागो."