रातच्या लाईटची भाकर

भटूभाऊंना झोप लागत नाही असं कुणी म्हणू नये. झोप त्यांना उत्तम लागायची. फक्त ती दुपारी लागायची, आणि नेमकी चार माणसं समोर बसलेली असताना लागायची.

दोष लाईटचा. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची केळीची बाग. मोटारीला लाईट एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री. रातच्या आठवड्यात भटूभाऊ बॅटरी घेऊन बागेत जायचे, ठिबकच्या नळ्या बघत फिरायचे, आणि मध्यरात्र उलटली की विहिरीपाशी बसून बायकोनं फडक्यात बांधून दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर ठेच्याशी खायचे. उजाडता घरी येऊन आडवे व्हायचे. मग न्याहारी बुडायची, दुपारचं जेवण उन्हं कलल्यावर व्हायचं, आणि रात्रीचं नुसतं नावाला. अंग जरा रुळावर येतंय म्हणेपर्यंत पुढचा रातचा आठवडा हजर! "भटूभाऊले जेवाले बलावनं तर पहिले लाईटनं टाईमटेबल दखा," असं गाव म्हणायचं, आणि भटूभाऊही हसायचे.

मग बागेत सौर पंप आला. सूर्य उगवला की पाणी चालू, मावळला की बंद. बॅटरी खुंटीला लागली. त्यांच्या बायकोला, बेबाबाईंना वाटलं, सुटलो. आता नवरा माणसासारखा रात्री झोपेल, माणसासारखा सकाळी उठेल.

पण जित्याची खोड अशी जाते होय? मध्यरात्र उलटली की भटूभाऊ टक्क जागे. पोटात कावळे ओरडू लागत. मांजराच्या पावलांनी ते स्वयंपाकघरात जात, टोपल्यातली भाकर काढत, अंधारातच खात आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहत. सकाळी भूक नाही, दुपारी डोळा उघडत नाही. पाणी दिवसावर आलं होतं, पण पोट अजून रातच्याच लाईटवर चालत होतं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. काट्याचा नायटा झाला तो उन्हाळ्यात. भटूभाऊंची एकुलती एक लेक कामिनी, तिला बघायला धुळ्याकडचे पाहुणे आले. आमच्याकडे पाहुण्यांच्या पंगतीला यजमानानं बसायचं आणि पाहुणे उठेपर्यंत हलायचं नाही, ही रीत. आणि पंगतीला होती वरण-बट्टी. तुपात भिजलेली बट्टी म्हणजे जागत्यालाही निजवणारं अन्न, इथे तर आधीच पेंगुळलेला गडी. जेवणं झाली, मुलाच्या मामानं विचारलं, "केळीला यंदा भाव काय?" उत्तर म्हणून भटूभाऊंचं डोकं त्याच्या खांद्यावर येऊन पडलं. मामानं नाक पुढे करून हुंगलं. वास आला तो लसणाच्या ठेच्याचा. पण माणसाला जे हुंगायचं असतं, तेच तो हुंगतो.

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण वडिलांना दुपारीच चढते, असं कळलं.

ज्या माणसानं मोहाच्या फुलांची दारू गळते त्या दिवसांतसुद्धा कधी ग्लासाला बोट लावलं नाही, त्याला हे ऐकावं लागलं! शेजारच्या पंडितनं तर पारावर बसून या गोष्टीला मीठमसाला लावला, आणि गावाचं तोंड कोण धरणार? भटूभाऊ बागेतून मागच्या वाटेनं घरी येऊ लागले. कामिनीचा मात्र तिळपापड झाला. "मना बापले दारुड्या म्हननारं घर माले नकोच!" ती म्हणाली आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या नव्या कपबशा तिनं आदळतच फडताळात ठेवल्या.

पण आई-बापाचं एवढ्यानं भागत नाही. दिवाळीनंतर यावलकडचं स्थळ येणार होतं. पुन्हा तेच झालं असतं, तर कामिनीच्या लग्नाला बापाच्या डुलकीचं ग्रहण कायमचं लागलं असतं. भटूभाऊ एवढे घाबरले की त्यांनी पाहुणे येतील त्या दिवशी गावालाच जायचं ठरवलं. बेबाबाईंनी तो बेत जागच्या जागी हाणून पाडला.

त्यांनी आधी झोपेवर उपाय केले. दुधात जायफळ उगाळून दिलं, तळपायाला तेल चोळलं, खाट अंगणात काढली. काही गुण येईना. उजेड पडला तो गोठ्यात.

गोठ्यातली म्हैसही मध्यरात्री उठून उभी राहायची. भटूभाऊ इतकी वर्षं बागेत निघताना तिला पेंढी टाकून जायचे, आणि अजूनही भाकर शोधायला उठले की टाकायचे. दूध कमी पडायला लागलं, तशी बेबाबाईंनी ती पेंढी दिवेलागणीला टाकायला सुरुवात केली आणि रातची बंद केली. दोन-चार रात्री म्हशीनं दावं ओढून पाहिलं. मग ती जी बसायला लागली, ती थेट उजाडेपर्यंत.

"म्हैसले समजनं, तुमले कव्हय समजई?" बेबाबाई म्हणाल्या.

"अवं, मी काय म्हैस शे का?"

"नही ना. म्हैसले तरी अक्कल शे."

त्या रात्रीपासून टोपलं बेबाबाईंच्या उशाशी. दिवेलागणीला गरम भाकर, भाजी, वरण, पोटभर. नंतर पाणी सोडून काही नाही. आणि सकाळी उन्हं अंगणात येताच न्याहारी समोर.

"माले भूकच नही," भटूभाऊ कुरकुरत.

"नही लागनी तरी खा."

पहिल्या काही रात्री त्यांनी आढ्याकडे बघत काढल्या. बायको वैरीण वाटू लागली. दुपारी डोळे मिटत, तर बेबाबाई त्यांना भर उन्हात केळीच्या बुडाशी फुटलेली पिली काढायला पिटाळत. पण हळूहळू सकाळी आपण होऊनच भूक लागायला लागली. एक दिवस तर न्याहारीला उशीर झाला म्हणून भटूभाऊंनी आरडाओरडा केला, आणि बेबाबाई चुलीपुढे तोंडाला पदर लावून हसल्या. त्या रात्री नवरा-बायको दोघं एका वेळी झोपली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण रातचा आठवडा नाही की भाकरीची खुडबुड नाही, अशी रात्र त्यांना कधी मिळालीच नव्हती. बेबाबाईंना त्या घोरण्याचंसुद्धा अप्रूप वाटलं.

यावलचे पाहुणे आले. मुलगा योगराज, त्याची आई आणि वडील सुकदेव, तेही केळीवालेच. यजमानाच्या बाजूनं पंडितही पंगतीला येऊन बसला, काय होतं ते बघायलाच. वरण-बट्टी, घोटलेली वांगी, वर तूप. भटूभाऊ बेतानं जेवले आणि ताठ बसले. डोळे लख्ख उघडे. बेबाबाई दाराआडून बघत होत्या, त्यांचा जीव भांड्यात पडला.

सुकदेव बोलत होते. "आमचा योगराज तसा फार..." आणि वाक्य तिथंच राहिलं. हनुवटी छातीवर आली. हातातला विडा सतरंजीवर पडला.

योगराजच्या आईचा चेहरा पांढरा फटक पडला. तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. ते "हं" म्हणाले आणि आणखी खाली कलले. पंडितनं डोळा बारीक करून नाक पुढे केलं.

भटूभाऊंनी योगराजला हळूच विचारलं, "तुमनाकडे हाऊ आठवडा लाईट रातनी शे का?"

"हो," योगराज मान खाली घालून म्हणाला. "बाबा पहाटेपर्यंत बागेतच होते. तसेच गाडीत बसले."

भटूभाऊ उठले. आतून उशी आणली, सुकदेवांचं डोकं अलगद तिच्यावर टेकवलं, पाय सरळ केले. मग पंडितकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाक मांगे ले रे भाऊ. त्या पेयेल नही शेतस, रातभर जागेल शेतस."

योगराजच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आधीच्या एका घरी तिनं याच झोपेपायी नको ते ऐकलं होतं, हे तिनं तिथंच सांगून टाकलं.

तेवढ्यात कामिनी चहा घेऊन आली. फडताळातल्या त्याच नव्या कपबशा. तिनं आधी उशीवर झोपलेल्या माणसाकडे पाहिलं, मग शेजारी राखणीला बसल्यासारख्या आपल्या बापाकडे. सगळ्यांना चहा दिला. सुकदेवांचा कप त्यांच्या उशाशी ठेवला, त्यावर बशी झाकली, आणि मोठ्यानं बोलणाऱ्या पंडितला म्हणाली, "पंडितकाका, हळू बोला ना. बाबा झोपेल शेतस."

बाबा! बेबाबाईंनी योगराजच्या आईकडे पाहिलं. मुलीची पसंती विचारायचं काम राहिलं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर सुकदेव दचकून उठले, ओशाळून इकडेतिकडे बघू लागले. "काय... काही ठरलं का?"

"बठ्ठं ठरी गयं," भटूभाऊ म्हणाले. "चहा पी ल्या पहिले."

तिकडे चुलीपाशी बेबाबाई विहीणबाईंना सांगत होत्या, "तुमनाकडे सौर पंप उना ना, का पहिले भाकरनं टोपलं लपाडज्या."