भाऊजींची पूर्वाभिमुख गाडी

आपली चूक कबूल करणं आमच्या भाऊजींच्या रक्तातच नव्हतं. दारव्ह्याच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलेला हा माणूस, पण बोलायचा असा, की देशातले सगळे पूल याला विचारूनच बांधलेत. घरात नवा पंखा आला की आधी ते तो खोलून बघायचे. "कंपनीवाल्यायले अक्कल नसते," म्हणायचे. मग तो पंखा कायम खडखडायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि अंगणात झोपायची गाडी बांधायला घेतली. मोटारीमागे जोडायची थेंबाच्या आकाराची पेटी. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. निमित्त माझ्या ताईचं. तिला एकदा समुद्र पाहायचा होता. पण परक्या अंथरुणावर तिचा डोळा लागत नाही, म्हणून ती कधी कुठे मुक्कामाला गेलीच नाही. माझ्या नागपूरच्या घरीसुद्धा ती रात्र बसून काढते.

वर्षभर प्लायवूड आणि पत्र्याची ठोकाठोक चालली. जाणारे-येणारे विचारायचे, "गुरुजी, पानठेला टाकून राह्यले का?" सुट्टीत गेलो की मीही मनसोक्त हसून घ्यायचो.

दार बसवायच्या दिवशी तर कहर झाला. अंगणात पेटीची उजवी बाजू पूर्वेला होती, म्हणून भाऊजींनी दार उजवीकडे काढलं. "घराचं दार पूर्वेलेच पाह्यजे."

मी म्हटलं, "भाऊजी, चाकाच्या घराला पूर्व कुठली?"

नापास पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आपली बँक सांभाळ. तुले यातलं कळत नाही."

पावसाळा संपल्यावर भाड्याच्या जीपला पेटी जोडून आम्ही यवतमाळ रस्त्याला चक्कर मारायला निघालो. एका कडुनिंबाखाली, रस्त्याच्या डाव्या कडेला थांबलो. ताई आत जाऊन जरा आडवी झाली. उतरायला तिने दार उघडलं, तर ते थेट वाहत्या रस्त्यावर! एक ट्रक तिच्या पदराला वारा घालत गेला. तिने झटकन पाय आत ओढले. आणि भाऊजी काय म्हणाले? "दार बरोबर हाये. डायवरनं गाडी उलट्या बाजूले उभी केली."

वेल्डिंगवाले मोबीनभाई दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "गुरुजी, डाव्या बाजूनं दार काढून देतो, एका दिवसाचं काम हाये." भाऊजी नाही म्हणजे नाही. ताईने पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही. बायकोच्या एकुलत्या एका हौशीपेक्षा याला आपली पूर्व मोठी! मला त्या माणसाचा खरोखर तिटकारा आला.

त्याच हिवाळ्यात छातीत कळ येऊन भाऊजी गेले. तेरवी झाल्यावर मीच मोबीनभाईंना बोलावून डावीकडे दार काढायला सांगितलं. पत्र्याच्या जोडांवरून हात फिरवत ते म्हणाले, "अख्खा पावसाळा उघड्यावर होती, पण आत ओल नाही. गुरुजीचा हात सोन्याचा होता. डोकं तेवढं..." ताई मागे उभी दिसली, तसे ते दाराचं माप घ्यायला वाकले.

मार्चमध्ये माझ्या मोटारीमागे पेटी जोडून ताईला कोकणात घेऊन निघालो. वाटेतल्या मुक्कामी ऊन वर आलं तरी पेटीचं दार उघडेना. घाबरून मी ते ठोकलं. ताई केस सावरत बाहेर आली. "काहून उठवलं रे? लय दिवसानं अशी झोप लागली."

दुसऱ्या दिवशी तिने समुद्र पाहिला. घोटाभर पाण्यात उतरून तिने बोट बुडवलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे म्हणत होते, लय खारट राहते म्हणून. मले वाटे, उगाच सांगून राह्यले. त्यायनं तरी कुठं पाह्यला होता समुद्र?"

भाऊजींनीही समुद्र पाहिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मी चार वेळा गोव्याला जाऊन आलोय. मोटार माझी, सुट्ट्या माझ्या. "ताई, येतेस का?" असं एकदाही विचारलं नाही. हसायला मात्र दर सुट्टीत दारव्ह्याला जात होतो.