शनिवारचं तेल

पांढरकवड्याच्या पॉवरहाऊसमधून देवराव मुनेश्वरला सुटका हवी होती आणि ती मिळत नव्हती. निवृत्तीचं वय मागेच उलटलं होतं. बायको, रुखमाबाई, उन्हाळ्यापासून बाभुळगावला लेकीकडे जाऊन राहिली होती. पण सुपरवायझर नानाजींचं एकच म्हणणं होतं, "इंजिन सांभाळणारा तयार कर अन् खुशाल जा. गावाले अंधारात टाकून कुठी चालला?"

माणसं आली, पण टिकली नाहीत. देवरावला शिकवता येत नव्हतं, कारण त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो डिझेलचे पिंप लोटायला लागला तेव्हा फुलचंद मिस्त्री त्याला जातीमुळे इंजिनघराचा उंबरा ओलांडू देत नसे. देवराव बाहेर खिडकीच्या गजांपाशी उभा राहून बघे. बहुतेक वेळा मिस्त्रीची पाठच दिसे. विचारायची सोय नव्हती. मग एका पावसाळ्यात फुलचंद तापाने गेला. संध्याकाळी गावात दिवे लागायला हवे होते, तेव्हा उंबऱ्याची आठवण कुणाला झाली नाही. देवराव आत गेला, पाहिलेलं सगळं त्याच क्रमाने केलं आणि इंजिन लागलं. त्यानंतर त्याने त्यात काडीचा बदल केला नाही.

१९६१ च्या दिवाळीनंतर खेमसिंग राठोड आला. जवळच्या तांड्यावरचा, पस्तिशीचा, ढाणकीच्या जिनिंगमध्ये इंजिन चालवलेला. त्याला प्रश्न विचारायची खोड होती.

"हा व्हॉल्व्ह अर्धाच काहून उघडायचा, काका?"

"फुलचंद अर्धाच उघडे."

"फुलचंदचं नाई, इंजिनाचं सांगा."

देवराव वैतागे. पण दोघं मिळून कारण शोधत आणि ते बहुधा सापडे. थंडी सरेपर्यंत जवळजवळ सगळं उलगडलं. एकच गोष्ट राहिली. चाकामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात इंजिनाच्या पायाचा एक मोठा नट होता. दर शनिवारी त्याच्या वरच्या दगडावर तेल ओतायचं, ते ओघळून नटावर उतरायचं. दर रविवारी नट ढिला सापडायचा आणि लांब पान्याने आवळावा लागायचा, नाहीतर इंजिन हादरायचं. आवळून आवळून देवरावचा उजवा खांदा कामातून गेला होता.

"तेल कायले?" खेमसिंगने विचारलं.

"मिस्त्री टाके."

"शनिवारीच?"

"शनिवारीच. खाडा नाई."

त्या आठवड्यात नानाजींनी खेमसिंगला बोलावलं. "शिकला का सगळं? तू हो म्हण, मी देवरावले मोकळं करतो."

"एक राह्यलं," खेमसिंग म्हणाला.

बाहेर आल्यावर देवरावने त्याला गाठलं. "लेका, हो म्हणायले तुझं काय जात होतं?"

"उद्या पायाच हालला तर शिव्या मले पडतीन. तुम्ही बाभुळगावले भाकर मोडून राह्यले असान."

दुपारी खेमसिंग रॉकेलची चिंधी आणि खरवडणी घेऊन चाकामागे शिरला. दगडावरून काळ्या वंगणाचे थर निघत गेले. खाली शेंदूर लागला. शेंदरात दोन चांदीचे डोळे बसवलेले होते.

"काका," तो आतूनच म्हणाला, "हा तर मारुती हाय."

देवराव पिंपावर बसला. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्याने घरातले देव नदीत सोडले होते. पुढे रुखमाबाईने चोरून शनिवारचा उपास धरला, तर तो आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता.

"कोणाले सांगत नाई," खेमसिंग म्हणाला.

"बुढीले तर बिलकुलच नाई."

खेमसिंग हात पुसत बाहेर आला. "दगडावरचं तेल आट्यात उतरते, काका, म्हणून नट ढिला होते. तुम्ही शनिवारी ढिला करता अन् रविवारी आवळता."

"काहीतरीच बोलू नको."

"मग या शनिवारी टाकू नका."

नटाचे आटे त्यांनी रॉकेलने धुऊन कोरडे केले आणि नट आवळून ठेवला. शनिवारी देवरावचा हात दोनदा तेलाच्या डब्याकडे गेला. इंजिन रोजच्यासारखं चाललं. रविवारी त्याने पाना स्वतः लावला आणि ओढला. नट हलला नाही. त्याने पाना काढून पुन्हा नीट बसवला, भिंतीला पाय लावून ओढला. नट जागचा हलला नाही. खेमसिंग बाजूला उभा होता.

देवरावने पाना खिळ्याला अडकवला.

"नानाजीले सांग, शिकलो म्हणून."

"सांगतो. अन् ह्या मारुतीचं काय करू?"

"इंजिन तुझं हाय आता. तूच पाह्य."

महिनाअखेर तो मोटारीने बाभुळगावला निघाला. क्लीनरने पेटी टपावर द्यायला सांगितली. देवरावने ती डाव्या हाताने उचलली. उजवा खांद्याच्या वर जात नव्हता.