एकाच लुगड्याच्या दोन पिशव्या

सुमंगलाबाईंना राग येत नाही असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं जोयड्याच्या आडबाजूच्या त्या सरकारी दवाखान्यात एकदा जाऊन यावं. औषधाच्या खिडकीमागं बाई रोज तापतात आणि चहा आला की निवतात. फार्मसीची पोरं तिथं शिकायला येतात. "कोण चुकलं?" असं त्यांच्यातल्या कुणी विचारलं की संपलंच. ते पोलीस बघतील, म्हणतात बाई. आपण कुठं चुकतंय ते शोधायचं, थोडंसं बदलायचं आणि फरक पडतो का बघायचं.

यंदा शिवानंद आणि शिल्पा आले तेव्हा पारूमावशीचं प्रकरण ताजं होतं. तिच्या वाडीची सगळी औषधं जीपवाला कान्हू एकाच पिशवीतून नेतो. तिथं गोळ्यांची अदलाबदल झाली, जावेची साखरेच्या दुखण्याची गोळी पारूमावशीनं घेतली आणि भाताच्या खाचरात घेरी येऊन पडली. तेव्हापासून तिनं आपली प्रेशरची गोळीच सोडली. प्रेशर वर चढलेलं, मावशी ऐकेना, आणि बाईंच्या जिवाला घोर.

शिवानंदनं आल्या आल्या निकाल दिला, कान्हूचं चुकलं. बाईंनी त्याला त्याच कान्हूच्या जीपमध्ये घालून शिल्पासोबत वाडीवर धाडलं. पोरगा वरमून परत आला. पाकिटावर नाव कन्नडात, वाडी सगळी मराठी बोलणारी; ते वाचणार कोण? पण कुठलं लुगडं कुणाचं, हे वाडीत लांबूनही ओळखतात. मग शिल्पा म्हणाली, ज्याच्या त्याच्या घरच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवूया. आधी दोघी जावांपुरतंच करून बघू, असं ठरवून बाईंनी कापडं मागवली आणि हौसेनं स्वतःच मशीनवर बसल्या. मावशीलाही गळ घालून गोळी घ्यायला कसंबसं राजी केलं.

पिशव्या घेऊन जीप वाडीवर पोचली आणि दुसऱ्याच दिवशी मावशी खिडकीत हजर. गोळी ओळखीची वाटेना म्हणून न घेता तशीच उठून आलेली. हातात जावेची पिशवी! पुतण्याच्या लग्नात दोघींना एकाच काठाची, एकाच रंगाची लुगडी मिळाली होती, आणि दोघींनी त्याचेच तुकडे दिले होते.

शिवानंदनं या वेळी कान्हूचं नाव काढलं नाही. शिल्पानं हळूच विचारलं, "मॅडम, कुठं चुकलं?"

आता आली का पंचाईत! बाईंचे कान लाल झाले. दोन्ही तुकडे त्यांच्याच हाताखालून गेले होते. मावशी आता कायमची गोळी सोडणार, ही धास्ती वेगळीच.

"माझ्या मशीनवर चुकलं," त्या म्हणाल्या. "मावशी, मी न बघताच शिवलं."

मावशीनं पिशवी खिडकीवर ठेवली. "मागल्या बारीला समद्यांनी कान्हूला शिव्या घातल्या, अक्का. काय चुकलं ते मला कुणी सांगितलं न्हाई. तू आज सांगितलंस." नवी पिशवी सासूच्या लुगड्याची शिव, तसलं आता दुकानात पण मिळत नाही, असंही तिनं बजावलं.

मग तिनं आपली गोळी मागितली, शिवानंदकडून पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत गिळली.