चाळीस धनगर ओतताना

आमच्या कॉलनीच्या मागं नव्या इमारती उठत होत्या आणि नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, त्या वर्षी मी घरात फौज ओतायला घेतली.

मी दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. कवळ्या, धातूच्या कॅप बनवायचे. रविवारी सिडकोतल्या एका फ्लॅटवर आम्ही पाचजण टेबलावर लढाई खेळायचो. बोटभर उंचीचे राक्षस, जादूगार, भालाईत पट्टीनं मोजून पुढं सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. सगळ्या फौजा परदेशातून मागवलेल्या. मला घोंगडी पांघरून काठीनं लढणारे धनगर हवे होते, आणि ते कुठंच विकत मिळत नव्हते.

"मग तुझे तूच बनव," फ्लॅटचा मालक हसत म्हणाला. मी ते मनावर घेतलं.

मेणाचा पहिला धनगर कोरायला तीन आठवडे लागले. त्यावरून सिलिकॉनचा साचा केला आणि गॅलरीत शेगडीवर कथील, म्हणजे कल्हईला वापरतात तो धातू, वितळवून ओतला. मूर्ती हातात जड लागायची, ते मला आवडलं. काठी वाकली तरी बोटानं सरळ व्हायची. पण घोंगडीची लोकर गुळगुळीत आली, आणि कडांवरून रंगाचे टवके निघायला लागले.

मग चितेगावला बादल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. मालकानं मूर्ती उलटसुलट करून पाहिली.

"किती नग पाहिजेत?"

"चाळीस."

"ताई, प्लॅस्टिकला पोलादी साचा लागतो. चाळीस हजार असतील तर या."

त्याचं खरंच होतं. प्लॅस्टिक हलकं, चिवट, पडलं तरी टिकणारं, पण एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं.

राहिलं रेझिन. दोन द्रव मिसळून ओतले की ते आपोआप घट्ट होतं. घोंगडीचा धागा न् धागा उमटला. पण मे महिन्यातल्या उष्म्यानं मिश्रण कपातच आळायचं, घाईनं ओतलं की चेहऱ्यावर बुडबुडे यायचे, आणि टिचकी लागली तरी काठी मोडायची. मी पहाटे पाचला उठून, मास्क लावून ओतायला लागले. एक साचा, दिवसाला दोन धनगर.

साच्यातला तेलकटपणा धुतल्याशिवाय रेझिनवर रंग धरत नाही. त्यावरून आबांशी, माझ्या वडिलांशी, वाजलं. जन्मभर सोयगावकडं मेंढरं राखलेला माणूस. पाणी आटलं तशी मेंढरं भावाकडं सोपवून माझ्याकडं राहायला आलेला.

"बाहुल्या धुवायला पानी?"

"आबा, एकच तांब्या. चाळीस जणांत."

"तांब्या काय कमी हाय व्हय?"

मी मागं हटले नाही. भाजी धुतलेलं पाणी साठवलं, त्यात साबण टाकला आणि जुन्या ब्रशनं एकेक धनगर धुतला.

दुसऱ्या दिवशी आबांनी त्यातला एक चष्मा लावून पाहिला. "काठी अशी कोन धरतं? ह्यो तर झाडू मारायलाय."

"लांडगा आल्यावर कशी धरता?"

ते आपली काठी घेऊन हॉलच्या मधोमध उभे राहिले. डावा पाय पुढं, काठी दोन्ही हातांत आडवी, एक टोक जमिनीकडं. "लांडगा खालून येतो," ते म्हणाले.

चाळीसच्या चाळीस बाद झाले. मला रडू येत होतं, पण मी मेण काढलं आणि पुन्हा कोरायला बसले. या वेळी अंग रेझिनचं ओतलं आणि काठी कथलाची. लॅबमधल्या बारीक ड्रिलनं मुठींना भोकं पाडून ती बसवली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी फौज टेबलावर उतरली. आबाही आले होते. राक्षसांनी तिसऱ्याच फेरीत आम्हाला गुंडाळलं. सगळे मूर्ती हातात घेऊन बघत होते, आणि हरल्याचं मला काही वाटत नव्हतं. आबा मात्र टेबलाखाली वाकून, मूर्ती आणलेल्या पेटीत डोकावून काही शोधत होते.

"काय पाहिजे, आबा?"

"मेंढरं कुठायत? मेंढरांबिगर हे लढायलेत कशासाठी?"

त्याच आठवड्यात मी एक मेंढी कोरली आणि बारा ओतल्या.